घरच्या गॅरेजात एमजीबीचं इंजिन उतरवतोय

गॅरेजवासी | शुक्रवार, रात्री

मंडळी, दोन वर्षांपूर्वी इथेच 'जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का' असा धागा काढला होता. सोळा जणांनी घेऊ नका म्हणून बजावलं, एकाने घ्या म्हटलं. मी त्या एकाचं ऐकलं. त्याने नंतर आयडी बदलला म्हणतात.

गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर, फिकट पिवळी, कापडी टपाची. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या गाड्या बनल्या, जीटी (म्हणजे पक्क्या टपाची एमजीबी) धरून पाच लाखांच्या वर. त्यामुळे इथे इंग्लंडात सुटे भाग अजून भाजीसारखे मिळतात. माझ्या रोजच्या गाडीचा आरसा यायला तीन आठवडे लागले होते. एमजीबीचा अख्खा क्लच दुसऱ्या दिवशी दारात हजर.

हो, क्लच. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी आहे त्याच वेगात. शिवाय गॅरेजच्या फरशीवर रोज तेलाचं ताजं थारोळं. एमजीबीच्या बेलहाउजिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या खोळीला, तळाशी एक भोक असतं आणि त्यात एक कॉटर पिन सैल लोंबत ठेवलेली असते. गाडीच्या हादऱ्यांनी ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजत नाही. माझी पिन तेलाने निथळतेय. म्हणजे तेल क्लचवर चढलंय.

आता हे तेल इंजिनाच्या मागच्या सीलमधून येतंय की गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून? दुसऱ्या गाडीत वास घेऊन सांगता येतं, गिअर ऑइलला उग्र वास असतो. इथे इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये एकच तेल, २०डब्ल्यू-५०. नाक बाद.

या गाडीचा क्लच खालून निघत नाही. गिअरबॉक्स एकटा खाली उतरायला जागाच नाही, इंजिन बॉनेटमधून वर काढावंच लागतं. उद्या क्रेन भाड्याने आणतोय. आधी कधी केलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी बोला, ज्यांनी केलं नाही त्यांनीही बोला, तुम्ही काही ऐकणार नाही.

वाट्टेल ते | शुक्रवार, रात्री

खुर्ची टाकून बसलोय. चहा सांगा.

स्प्लाइन | शनिवार, पहाटे

माझ्याकडे एमजीबी जीटी आहे, दोनदा इंजिन काढलंय. माझं मत स्पष्ट: इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढा. खालची कामं वाढतात खरी. प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट, स्पीडोमीटरची केबल, ओव्हरड्राइव्हच्या वायरी, गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी. पण जोडणी बाहेर, जमिनीवर, उजेडात होते. एकटं इंजिन काढलंत तर काढताना मजा आणि बसवताना रडारड. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये आंधळेपणाने घालत बसावं लागतं.

गॅरेजवासी | शनिवार, सकाळी

पटतंय, पण माझं गॅरेज एका गाडीचं आणि छत बुटकं. दोन्ही एकत्र काढायचं तर सगळा ऐवज तिरका, जवळजवळ उभा करून उचलावा लागतो. तेवढी उंची नाही. गाडी बाहेर काढून करावं तर मार्चमधला इथला पाऊस. म्हणून एकटं इंजिन. रडारडीची तयारी ठेवतो.

चेनकप्पी | शनिवार, दुपारी

नमस्कार. मी फारसा लिहीत नाही, वाचतो. वडिलांचं मिरजेत गॅरेज होतं, मी शाळा सुटल्यावर तिथेच. तुमच्या इंजिनाचा फोटो बघितला आणि हसू आलं. अहो, हे तर आमचं अँबॅसिडरचं इंजिन! तोच ब्लॉकचा घाट, तीच डिस्ट्रिब्यूटरची जागा. एवढा फॉरेनचा माल म्हणून कौतुकाने वाचत होतो.

गॅरेजवासी | शनिवार, दुपारी

काका, शंभर टक्के बरोबर. दोन्ही बीएमसी बी-सिरीज (बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन). अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, ती बनायची काउलीला, म्हणजे ॲबिंग्डनपासून हाकेच्या अंतरावर. तिचं १४८९ सीसीचं, माझं १७९८ सीसीचं. गंमत म्हणजे दोन्हींचा स्ट्रोक एकच, ८८.९ मिलिमीटर. फक्त बोअर ७३ वरून ८० वर नेला आणि एकाच्या जागी दोन एसयू कार्ब्युरेटर लावले. एकाच आईची दोन पोरं. एक कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला जाऊन टॅक्सी चालवायला लागलं, दुसरं टप उघडून समुद्रावर फिरायला.

चेनकप्पी | शनिवार, दुपारी

मग सोप्पंय. आम्ही छताला रेल्वेचा जुना रूळ आडवा टाकला होता, त्याला चेनकप्पी. रेडिएटर काढायचा, हेडला साखळी बांधायची आणि खर्र खर्र ओढायचं. दोन माणसं, अर्धा दिवस. क्रेन वगैरे नव्हती. एकच सांगतो: लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालायचा नाही. वडील या एका गोष्टीवर मारायचे.

गॅरेजवासी | रविवार, रात्री

उतरलं! सविस्तर लिहितो.

सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या आधी सोडवल्या. बॉनेट काढताना बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवली, नाहीतर परत बसवताना फटी जुळवण्यात दिवस जातो. मग पाणी आणि तेल काढलं. रेडिएटर त्याच्या पत्र्याच्या चौकटीसकट बाहेर. ऑइल कूलरचे होज, दोन्ही कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, सेल्फ, अल्टरनेटर. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टवर असतो. तो होज न सोडता बाजूला टांगला, म्हणजे नंतर हवा काढायचं काम वाचलं. सगळे नट इंची मापाचे, त्यामुळे ७/१६, १/२ आणि ९/१६ या तीन पान्यांवर निम्मं काम झालं.

वेळ खाल्ला तो एका केसाएवढ्या नळीने. या गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. हेडच्या पुढच्या टोकाला एक बल्ब बसवलेला असतो, त्यातून तांब्याची बारीक नळी डॅशबोर्डपर्यंत जाते आणि आत इथर भरलेलं असतं. नळी मोडली की इथर उडून जातं आणि काटा कायमचा झोपतो. तिचा नट पन्नास वर्षं हेडमध्ये मुरलेला. नट फिरवताना नळीही सोबत पिळायला लागली तर खेळ खलास. मी बुधवारपासून रोज रात्री दोन थेंब गंज सुटायचं तेल सोडत होतो. आज एका हाताने नळी चिमटीत धरली, दुसऱ्याने पाना. नट इकडे पाव, तिकडे पाव, इकडे पाव. वीस मिनिटं. मग एकदम फिरला, आणि नळी चिमटीत जागच्या जागी. मी गॅरेजातच खाली बसलो. नळीची सैल वेटोळी करून बॅटरीच्या रिकाम्या खोक्यात ठेवलीय, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: हात लावू नये.

उचलायला शेजारचे आजोबा आले होते. उमेदीत कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात होते, त्यामुळे एमजीकडे ते सवतीच्या मुलासारखं बघतात. गिअरबॉक्सखाली जॅकवर लाकडाचा ठोकळा दिला, बेलहाउजिंगचे बोल्ट काढले, फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) सोडवले. क्रेनची बाही जितकी लांब काढाल तितकी तिची ताकद घटते, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. इंजिन एकशेसाठ किलोच्या आसपास, तेव्हा तो आकडा आधी वाचा. पुढे ओढताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत इंजिन तसूभरही खाली-वर जाऊ द्यायचं नाही; सगळं वजन त्या शाफ्टवर आलं तर शाफ्ट वाकतो. आजोबा एवढंच म्हणत होते, सावकाश, सावकाश. सव्वाचारला इंजिन हवेत.

प्रत्येक सुट्या भागाचं वेगळं पाकीट, वर मार्करने नाव, आणि भिंतीवर यादी. सगळं मराठीत लिहिलंय, कारण आजोबा 'मदत' म्हणून पाकिटं उघडून बघतात.

वाट्टेल ते | रविवार, रात्री

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे कार नाही, गॅरेज नाही, पाना नाही. तरी वाखुसा.

रानजाई | सोमवार, सकाळी

मस्त लिहिलंय. मी पिंपरीत सील-बेअरिंगच्या धंद्यात आहे, म्हणून विचारते: क्रँकच्या मागच्या फ्लँजवर जिथे सीलचा ओठ फिरतो तिथे नख फिरवून बघितलंत का? पन्नास वर्षांत रबराने लोखंडाला चर पाडलेली असते. लोकांना वाटतं रबर झिजतं. धूळ रबरात रुतून बसते आणि तेच पॉलिश पेपरसारखं काम करतं, झिजतं लोखंड. चर असेल आणि नवं सील त्याच जागी ठोकलंत, तर सहा महिन्यांत थारोळं परत.

गॅरेजवासी | सोमवार, रात्री

ताई, तुमची पोस्ट वाचून ऑफिसातून तडक गॅरेजात. फ्लायव्हील आणि त्यामागचा पत्रा कालच काढला होता, सील त्या पत्र्यातच बसतं. नख अडकतंय! फार नाही, पण अडकतंय. क्लच प्लेट तर तेलात तळलेल्या पापडासारखी झालीय. गिअरबॉक्सचं तोंड आतून कोरडं आहे, म्हणजे गुन्हेगार हे सीलच. आता काय करू? क्रँक काढून ग्राइंड करायची म्हणजे अख्खं इंजिन खोलणं.

रानजाई | मंगळवार, सकाळी

गरज नाही. सील पत्र्यात थोडं कमी-जास्त खोल बसवता येतंय का बघा. दीड-दोन मिलिमीटर अलीकडे घेतलंत तर ओठ कोऱ्या लोखंडावर फिरेल. सरळ बसणं महत्त्वाचं, चारी बाजूंनी व्हर्नियरने मोजा. ओठाला तेल लावा, कोरडं चढवू नका. चढवताना फ्लँजच्या कडेला ओठ दुमडतो, तिथे बोटाने सावकाश फिरवून घ्या. आणि फ्लँजवरची बारीक खरड काढायची असेल तर पेपर गोलाकार फिरवा, आडवा नाही. आडव्या रेघा म्हणजे तेलाला बाहेर यायचे रस्ते.

चेनकप्पी | मंगळवार, दुपारी

ताईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे याला 'सील अर्धा सूत मागं' म्हणायचे. क्रँकच्या तोंडातलं पितळी बुशही बदला, दहा मिनिटांचं काम आहे. बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, ते तेल पितं.

स्प्लाइन | मंगळवार, संध्याकाळी

आणि रिलीज बेअरिंग. एमजीबीत ते बॉलचं नसतं, ग्रॅफाइटची चकती असते आणि ती थेट घासते. क्लचवर पाय ठेवून सिग्नलला उभं राहायची सवय असेल तर ती खडूसारखी संपते. न्यूट्रल करायला शिका. फ्लायव्हीलचे बोल्ट ४० फूट-पाउंड, लॉकच्या पट्ट्या नव्या घाला.

गॅरेजवासी | रविवार, दोन आठवड्यांनी

मध्ये ऑफिसने खाल्लं. सील, बुश, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं. सील दोन मिलिमीटर अलीकडे. इंजिन रंगवलंही, तेवढी हौस.

आणि आज, स्प्लाइनभाऊ, तुमची रडारड. दुपारी दोनपासून इंजिन एका इंचावर येऊन थांबलंय. शाफ्ट आत गेल्याचं जाणवतं आणि पुढे हलत नाही. आजोबा म्हणाले लांब बोल्ट घालून खेचून घेऊ. घेऊ का?

स्प्लाइन | रविवार, संध्याकाळी

नाही! नाही! बोल्टने खेचू नका. बेलहाउजिंग ॲल्युमिनियमचं आहे, कान तुटेल. तुटला नाही तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकेल आणि ते गाडी चालवल्यावर कळेल. हात काढा, चहा घ्या.

रानजाई | रविवार, संध्याकाळी

फट सगळीकडे सारखी आहे का? वर किती, खाली किती, मोजून सांगा.

गॅरेजवासी | रविवार, संध्याकाळी

वर २४, खाली २९ मिलिमीटर.

रानजाई | रविवार, संध्याकाळी

मग गिअरबॉक्सने मान टाकलीय. जॅक वर घ्या, थोडा थोडा, फट सारखी होईपर्यंत. तरी जात नसेल तर क्लच प्लेट केंद्रात नाही किंवा दाते दात्यांवर आलेत.

चेनकप्पी | रविवार, संध्याकाळी

गाडीची मागची चाकं जमिनीवर आहेत ना? चौथा गिअर टाका. आता शाफ्ट हलणार नाही. पुढून एकाने क्रँकपुलीच्या नटावर पाना लावून इंजिन केसभर फिरवायचं, दुसऱ्याने इंजिन पोटाने ढकलत राहायचं. हाताने नाही, पोटाने. दाते जुळले की आपोआप जातं. प्लेट केंद्रात बसवायला काय वापरलंत? आम्ही जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट कापून ठेवला होता. किटबरोबर येणारी प्लॅस्टिकची काडी असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

गॅरेजवासी | रविवार, रात्री

प्लॅस्टिकची काडीच होती. पण गेलं! जॅक पाच-सहा वेळा जरा जरा उचलला. फट २६-२६ झाली. चौथा गिअर टाकला. बायको पान्यावर, मी पोटावर, आजोबा क्रेनच्या दांड्यावर. तिने पाना इकडे घेतला, तिकडे घेतला, आणि आतून 'टक' असा एवढासा आवाज आला. पुढच्या क्षणी इंजिन माझ्या पोटासकट आत. दोन्ही पत्रे एकमेकांना भिडले. आजोबांनी टोपी काढली, ट्रायम्फवाल्याकडून एमजीला हे म्हणजे फारच.

बोल्ट हाताने बसतायत, पान्याची गरज नाही. पुढच्या शनिवारी पहिला स्टार्ट.

वाट्टेल ते | रविवार, रात्री

वहिनींचे अभिनंदन. पाना त्यांचा, पोट तुमचं, धागा तुमचा?

चेनकप्पी | गुरुवार, दुपारी

गॅरेजवासी, स्टार्ट करायच्या आधी प्लग काढून नुसता सेल्फ मारा, तेलाचा काटा चढेपर्यंत. आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघून घ्या. इंजिन चारी बाजूंनी रबरावर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचा संबंध त्या एका पट्टीने. आमच्याकडे एका पोराने विसरली होती, गिऱ्हाइकाच्या गाडीचा ॲक्सिलरेटर वायर लाल झाला.

गॅरेजवासी | शनिवार, संध्याकाळी

काका, तुमची पोस्ट मी आत्ता वाचली. आत्ता. संध्याकाळी सहाला. सकाळी अकराला वाचायला हवी होती.

सांगतो. प्लग काढले, डिस्ट्रिब्यूटरची वायर काढली, इंजिनात तेल, रेडिएटरमध्ये पाणी. आजोबा तेलाच्या काट्यावर नजर ठेवून शेजारच्या सीटवर. मी किल्ली फिरवली. प्लग नसताना इंजिन भिंगरीसारखं फिरायला हवं. ते म्हाताऱ्यासारखं दोनदा कण्हलं. वाटलं बॅटऱ्या उतरल्यात. पुन्हा किल्ली. आजोबा म्हणाले, तुझा चोक विडी ओढतोय. बघतो तर डॅशबोर्डवरच्या चोकच्या बटणामागून निळसर धुराची सरळ रेघ. बोट लावलं आणि तेवढ्याच वेगाने काढलं. किल्ली बंद, बॅटरीची वायर ओढली. चोकच्या केबलवरचं प्लॅस्टिक जागोजागी वितळून कार्पेटवर टपकलंय.

सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह परत जायला वाट शोधत होता. पट्टी नव्हती, मग त्याने चोकची केबल धरली. काही तेलाच्या नळीतून गेला असेल, काही स्पीडोमीटरच्या केबलमधून.

आता पट्टी का नव्हती ते. माझ्या गाडीत आधीच्या कुणा मालकाने ती डाव्या फाउंडेशनच्या बोल्टखाली घेतलेली होती. काढताना मी ती वर दुमडून चासिसच्या आतल्या बाजूला काळ्या टेपने चिकटवली. काळी टेप, काळी चासिस. पण यादी होती ना भिंतीवर? होती. सतराव्या ओळीत स्वच्छ लिहिलंय:

'डावं फाउंडेशन, बोल्ट २, वायसर २. अर्थ —'

तीन आठवड्यांनी ती ओळ वाचताना मला वाटलं, इथे मी काहीतरी खुलासा लिहिणार होतो आणि राहून गेला. बोल्ट दोन, वायसर दोन, बरोबर. टिक केलं.

वाट्टेल ते | शनिवार, संध्याकाळी

अर्थाचा अनर्थ!!! अहो हे असं आयुष्यात एकदा घडतं. धाग्याचं नाव बदला.

रानजाई | शनिवार, संध्याकाळी

ऑफिसात मोठ्याने हसले. शनिवारी ऑफिसात आहे हे त्यातलं दुःख. तापमानाची ती केसाची नळी वाचली का? तीही तांब्याची, तीही हेडपासून डॅशबोर्डपर्यंत. प्रवाहाला तीही चालली असती.

गॅरेजवासी | शनिवार, रात्री

ताई, हा प्रश्न मलाही सहा वाजता पडला आणि पोटात गोळा आला. बल्ब काढून गरम पाण्याच्या मगात बुडवला. काटा उठला. मग थंड पाण्यात, काटा बसला. शाबूत आहे. चोकची केबल मागवली.

चेनकप्पी | रविवार, सकाळी

वाचलात. पट्टीचे दोन्ही टोकांचे रंग खरवडून लोखंड चकचकीत करा आणि मगच बोल्ट आवळा. तुम्ही इंजिन रंगवलंय म्हणालात. रंगावर पट्टी बसवलीत तर पट्टी असून नसल्यासारखी.

गॅरेजवासी | रविवार, रात्री

अगदी तसंच केलं. पट्टी नवी, दोन्हीकडे पत्रा घासून उघडा, वर थोडं व्हॅसलिन. आज सेल्फ मारला आणि इंजिन भिंगरी. तेलाचा काटा आठ-दहा सेकंद शून्यावर ढिम्म. तेवढ्यात मी मनातल्या मनात पंप, नळी, फिल्टर सगळं पुन्हा खोललं. मग काटा थरथरला आणि चाळिशीपर्यंत चढला. प्लग लावले. नवी केबल आलेली नाही म्हणून चोक वहिनींच्या बोटाने, म्हणजे बायकोने बॉनेटमध्ये वाकून कार्ब्युरेटरचा खटका धरला. तिसऱ्या प्रयत्नाला धडधडलं. दोन मिनिटं एक सिलिंडर रुसलेला होता, प्लगची वायर नीट बसली नव्हती. बसवल्यावर चारही एका सुरात. गरम झाल्यावर तेलाचा दाब चालू वेगात ६० आणि आयडलला २०, म्हणजे पुस्तकात लिहिलंय तसा.

केनिलवर्थपर्यंत चक्कर मारून आलो. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला, गाडी पुढे गेली.

स्प्लाइन | सोमवार, सकाळी

अभिनंदन. आणि एवढं सगळं झाल्यावर तरी, पुढच्या वेळी गिअरबॉक्ससकट.

चेनकप्पी | सोमवार, दुपारी

पाचशे मैलांनी फाउंडेशनचे आणि बेलहाउजिंगचे बोल्ट पुन्हा एकदा बघा. नवं रबर बसतं, बोल्ट ढिले होतात. आणि गाडीखाली रात्री पुठ्ठा टाका. फरशीवरचा जुना डाग खोटं बोलतो, पुठ्ठा नाही.

गॅरेजवासी | शनिवार, तीन आठवड्यांनी

काका, पुठ्ठ्याचा निकाल. बेलहाउजिंगखाली कोरडं, कॉटर पिन कोरडी. रानजाईताईंचे दोन मिलिमीटर जिंकले. पण पुठ्ठ्याच्या पुढच्या टोकाला रुपयाएवढा एक डाग. क्रँकपुलीच्या बरोबर खाली.

रानजाई | शनिवार, दुपारी

टायमिंग कव्हरचं सील. इंजिन बाहेर असताना पाच मिनिटांचं काम होतं.

गॅरेजवासी | शनिवार, दुपारी

माहितेय. पाकिटात नवं सील पडूनही होतं. यादीत होतं, ओळ तेवीस. गाडीतही बदलता येतं, रेडिएटर काढला की हात पोचतो. उद्या करतो.

वाट्टेल ते | शनिवार, दुपारी

ओळ तेवीसमध्ये नेमकं काय लिहिलं होतं?

गॅरेजवासी | शनिवार, दुपारी

'पुढचं सील.' मला वाटलं, पुढच्या वेळचं.